कमरेचा कोयता आणि खिशातला चाकू

पेडण्याच्या बाजारात सकाळच्या वेळी एखादा बागेत काम करणारा मनुष्य येतो. कमरेला दोरी, दोरीला पाठीकडच्या बाजूस लाकडी आकडी आणि त्या आकडीत अडकवलेला कोयता. पाते वीतभराहून लांब, टोकाशी वळलेले आणि रोज दगडावर घासून लखलखीत केलेले. हा मनुष्य दुकानात शिरतो, मीठमिरची घेतो, चहा पितो, ओळखीच्याची विचारपूस करतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्याच्या कमरेकडे कोणी वळून पाहत नाही. आईचे बोट धरून चाललेले मूलदेखील त्याला भिऊन आईमागे लपत नाही.

याच तालुक्यात मोप्याचे पठार आहे. त्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी 2023 पासून तेथून विमाने ये-जा करू लागली. तेथे सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी एखाद्या सभ्य गृहस्थाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दोन इंचांचा मिटता चाकू निघतो. तपासनीस तो बाजूला काढून ठेवतो. मागे रांगेत उभे असलेले लोक माना उंचावून पाहतात आणि तो गृहस्थ, काही अपराध घडल्यासारखा, खुलासा करू लागतो. सफरचंद कापण्यासाठी ठेवला होता, चुकून राहिला, असे तो सांगतो.

आता लोखंडाच्या हिशेबाने पाहिले तर यातील भयंकर वस्तू कोणती, याविषयी शंका नको. कोयत्याच्या एका घावात नारळ दुभंगतो. त्या चाकूने फळाची साल नीट निघाली तरी पुष्कळ. असे असता एकाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि दुसऱ्याने भोवतालचे लोक सावध होतात, हे कसे? याचे उत्तर धारेत नाही, पाहणाऱ्याच्या मनात आहे. मनुष्य पात्याची लांबी मोजत नाही. ही वस्तू कशासाठी आहे आणि ती बाळगणारा कोण आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला न विचारता मिळाली, तर तो निर्धास्त राहतो; मिळाली नाहीत, तर तो बिचकतो.

कोयत्याच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे उघड्यावर टांगलेली असतात. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला पेडणे तालुका हा माडांचा, पोफळींचा आणि काजूंचा मुलूख आहे. काजूचा हंगाम येण्यापूर्वी झाडांखालची झुडपे तोडावी लागतात, कुंपणाच्या काठ्या छाटाव्या लागतात, शहाळी उतरवावी लागतात, पडलेली झावळी कापून वाटेतून दूर करावी लागते. माडाची सूर काढणारा रेंदेर तर आपल्या कातीवाचून पाऊलही उचलू शकत नाही. माडाच्या बुंध्यावर केलेल्या खाचांत पाय रोवून तो वर चढतो, पोयीच्या टोकाचा पातळ काप काढतो आणि पाझरणारी सूर मडक्यात धरतो. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाते पाठीकडे लटकते. आकडी ही मिरवण्याची वस्तू नव्हे. तिची जागा कामाने ठरवलेली आहे. त्याबरोबरच तिच्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप घडते. पाते सर्वांना दिसत राहते, आणि धारकाचा हात त्याच्यापासून दूर राहतो. जे दिसते आणि ज्याचे काम ठाऊक असते, त्याचे भय वाटत नाही.

धारेच्या वस्तूला समाजाने केवळ सहन केले असेही नाही. तिला मानाचे स्थानही दिले. खंडेनवमीला तलवारीच्या जोडीने विळा, कोयता, करवत, कुऱ्हाड यांनाही गंधफूल वाहिले जाते. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवण्याची चाल मराठी मुलखात दूरवर होती. हळद लागलेला नवरदेव टोकाला लिंबू टोचलेली कट्यार हाती घेऊन वावरतो, आणि त्या कट्यारीकडे पाहून मांडवातील कोणाचेही काळीज धडधडत नाही. या साऱ्या प्रसंगी पाते कशासाठी आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. उलट, ज्या सुरीवर लोकांनी ठपका ठेवला ती कोणती? ‘मुखी राम आणि बगलेत सुरी’ या म्हणीत दोष सुरीचा नाही, बगलेचा आहे. लपवण्याचा आहे.

खिशातल्या चाकूची खरी अडचण येथेच आहे. तो लपवण्यासाठी केलेला नाही; हात कापू नये म्हणून तो मिटतो आणि सोयीसाठी खिशात राहतो. परंतु खिशात असल्यामुळे तो दिसत नाही, आणि अकस्मात बाहेर आला की तो आतापर्यंत लपवलेला होता, असे पाहणाऱ्याला वाटते. एके काळी ही अडचण नव्हती. बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कलमदानात कलमतराश असे. बोरूचे टोक झिजले की ते तासायचे, तिरके कापायचे आणि पुन्हा लिहू लागायचे. युरोपातही पिसाची लेखणी तासण्याकरिता असाच लहान चाकू असे, आणि इंग्रजीतील त्याच्या नावात लेखणी अजून टिकून आहे. बागेत आंब्याचे कलम बांधणाऱ्याच्या हाती असलेला चाकूही याच जातीचा. मराठीने लेखणीलाही कलम म्हटले आणि झाडाच्या जोडणीलाही कलमच म्हटले. दोन्ही कलमांना चाकू लागे, आणि तो बाळगणाऱ्याकडे लोक लिहिणारा किंवा लावणारा म्हणून आदराने पाहत.

पुढे टाक आले, फौंटनपेन आले, शिसपेन्सिलीला टोक काढण्याची छोटी यंत्रे आली. कारकुनाच्या चाकूचे काम गेले. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांनी 1884 साली कारखाना काढून पुढे सैनिकांसाठी, आणि 1897 साली अधिकाऱ्यांसाठी, अनेक पात्यांचा मिटता चाकू तयार केला. तो प्रकार जगभर आवडीचा झाला, परंतु तो कोणत्याही एका धंद्याची खूण राहिला नाही. ज्या वस्तूला ठराविक काम नाही, तिच्याविषयी प्रश्न उठणारच.

हे प्रश्न कसे उठतात, हे कोणत्याही कचेरीत पाहावे. टपालाने आलेल्या पुडक्याची सुतळी सुटत नाही. एकजण खिशातून चाकू काढतो आणि ती कापतो. कोणी हसून म्हणतो, “अहो, हे काय घेऊन फिरता?” कोणी काही न बोलता खुर्ची जरा मागे सारतो. आणि दोन दिवसांनी आंबे आले, की तोच खुर्ची सारणारा येऊन विचारतो, “तुमचा तो चाकू जरा देता का?” एकदा वस्तूचे काम डोळ्यांनी पाहिले की तिचे भय ओसरते, आणि जो काल विचित्र वाटत होता तो आज सोयीचा मनुष्य ठरतो. शहाळेवाल्याचेही तसेच. पणजी असो वा मुंबई, त्याच्या कोयत्यापासून हातभर अंतरावर लोक लेकरांना कडेवर घेऊन उभे राहतात, कारण नारळ समोर असतो.

मात्र ही ओसरण्याची सवलत सर्वांना सारखी मिळत नाही. चाकू काढणारा पिकल्या केसांचा, ओळखीचा, गावातला असला तर त्याला हौशी म्हणतात. तोच चाकू परगावाहून कामाला आलेल्या तरुण मजुराने काढला, तर लोक त्याच्या कपड्यांकडे आणि बोलीकडे पाहून निवाडा करतात. वस्तू एकच, कृती एकच, परंतु परिचय नसल्याचा दंड त्याला भरावा लागतो. पाहणाऱ्याचे भय खोटे असते असे नव्हे. ते चुकीच्या मापाने मोजलेले असते.

या मापात चित्रपटांनीही आपली भर घातली. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराच्या नावाने ओळखला जाणारा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांतून घरोघर पोहोचला. 1965 सालच्या ‘वक्त’ या चित्रपटातील राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग आजही लोकांच्या स्मरणात आहे. सुतळी कापणारा चाकू पडद्यावर क्वचितच दिसतो. अंधारात उघडणारा नेहमी दिसतो. खटका दाबल्याचा आवाज ऐकून जी भीती वाटते, ती पुष्कळ अंशी तेथून आलेली आहे.

कोयत्याच्या वाट्याला हेच येत आहे. महाराष्ट्रातील ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे ऊस तोडणारे नवराबायकोचे एक जोडपे. त्या हिशेबाने मुकादम उचल देतो, आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. म्हणजे तेथे हत्याराचे नाव माणसांच्या कष्टाचेच नाव झाले आहे. पण 2022 च्या अखेरीपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला. रस्त्यांवर कोयते परजून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांमुळे 2023 च्या आरंभी कोयता विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून ठेवावी, असे पोलिसांना सांगावे लागले. एकच शब्द, उसाच्या फडात तो पोट भरतो आणि शहराच्या रस्त्यावर थरकाप उडवतो.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि त्याचे उत्तर बाजारातील लोकांच्या उत्तराहून फार निराळे नाही. भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख येतो, परंतु तेथेही घर, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी असलेली पाती बाजूला काढली आहेत. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीख बांधवांनी कृपाण बाळगणे हे त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानले आहे. म्हणजे इंच मोजण्यापूर्वी हेतू विचारला जातो. अशांततेच्या प्रसंगी जिल्हाधिकारी हत्यारे घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात. तेव्हा मात्र निमित्त चालत नाही. इंग्लंडात 1988 च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या मिटत्या चाकूला मोकळीक दिली. त्याहून मोठे पाते सार्वजनिक जागी बाळगणाऱ्याने योग्य कारण दाखवावे, अशी अपेक्षा ठेवली.

मग विमानतळावरच इतकी कठोरता का? 11 सप्टेंबर 2001 पूर्वी अमेरिकेतील विमानांत चार इंचांहून लहान पात्याचे चाकू नेण्यास मनाई नव्हती. त्या दिवशी अपहरणकर्त्यांनी लहान पात्यांनीच केवढा अनर्थ घडवला, हे जगाने पाहिले. विमान ही अशी जागा आहे की जेथे कोणी कोणाला ओळखत नाही आणि कोणाला उठून बाहेर जाता येत नाही. हेतूची पारख करण्यास तेथे वेळ नसतो. म्हणून नियम सर्वांना सारखा. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. तोच चाकू सामानाच्या पेटीत ठेवून ती विमानाच्या पोटात दिली, तर तो बिनतक्रार प्रवास करतो.

परंतु विमानतळाचा नियम गावात आणणे बरे नव्हे, आणि धोका तोच आहे. माडावर चढणारे हात कमी होत आहेत. रेंदेराचा मुलगा दुसऱ्या नोकरीकडे वळतो. ज्या पिढीने आकडीत कोयता पाहिलाच नाही, तिला कोयत्याची ओळख गुन्ह्याच्या बातमीतून होईल. मग एखाद्या दिवशी कोरगावचा किंवा पार्शाचा म्हातारा नेहमीप्रमाणे बाजारात येईल, आणि कोणीतरी दुकानाच्या पायरीवरून घाईने बाजूला सरेल. त्या म्हाताऱ्याने काहीही बदललेले नसेल. त्याला ओळखणारे डोळे मात्र उरलेले नसतील.

हे टाळणे दोन्ही बाजूंच्या हाती आहे. खिशात चाकू ठेवणाऱ्याने काही साधे शिष्टाचार पाळावेत. काम सांगून चाकू काढावा, पाते आपल्याकडे वळवून धरावे, दुसऱ्यास देताना तो मिटून द्यावा, आणि काम संपताच परत ठेवावा; गर्दीत आणि वादात तर त्याला हातही लावू नये. पाहणाऱ्याने, जेथे विचारण्यास सवड आहे तेथे, मागे सरण्यापूर्वी एवढेच विचारावे की, हे कशासाठी? पेडण्याच्या बाजारात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारावा लागला नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. जेथे ते ठाऊक नाही, तेथे विचारण्यात कमीपणा नाही. आणि पुष्कळदा उत्तरादाखल आंब्याची एक फोड हातावर पडते.