‘नेट नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकावर काही करून पाहणाऱ्यांची नेहमीची तक्रार दोन शब्दांत संपते : ‘नेट नाही’. मग पासवर्ड पुन्हा टाकला जातो, राउटर बंद-चालू होतो, मेमरी कार्डावर सगळी प्रणाली नव्याने चढवली जाते. या धडपडीत कधी नेट येतंही. पण कशामुळे आलं ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा गेलं की सगळं पहिल्यापासून. या दोन शब्दांखाली निदान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. बोर्डाला वीज पुरत नाही, रेडिओ बंद आहे, राउटरचा संदेश पोचत नाही, राउटर आत घेत नाही, पत्ता मिळत नाही, किंवा पत्ता मिळूनही बाहेरचा रस्ता सापडत नाही. यातली प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते. म्हणून शोध खालून वर घ्यायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सुरुवात करण्याआधी एक सोय मात्र करून ठेवावी. वाय-फाय गेलं की त्याच वाय-फायवरून पायमध्ये शिरता येत नाही. तेव्हा स्क्रीन आणि कीबोर्ड, किंवा राउटरपर्यंत पोचणारी लॅन केबल, यातलं काहीतरी हाताशी हवं.

आपला पाय कोणता?

केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला, तेव्हा त्यावर वाय-फाय नव्हतंच. केबल लावा, नाहीतर यूएसबीचा डोंगल घ्या, असा मामला होता. बोर्डावरच वाय-फाय आलं ते बरोबर चार वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०१६ रोजी, पाय ३ मध्ये. आणि तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. ५ गिगाहर्ट्झ आलं मार्च २०१८ च्या ३ बी प्लसमध्ये. २०१९ चा पाय ४ आणि २०२३ चा पाय ५ दोन्ही पट्टे पकडतात. पण २०१७ चा झीरो डब्ल्यू आणि २०२१ चा झीरो २ डब्ल्यू हे दोन लाडके छोटे बोर्ड आजही २.४ वरच आहेत.

ही वंशावळ पाठ असण्याचा उपयोग असा, की फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसतो आणि झीरोला दिसत नाही, तेव्हा झीरो बिघडलेला नसतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर प्रसारण करत असतो आणि तो पट्टा झीरोसाठी अस्तित्वातच नसतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटमध्ये पट्टा बदलण्याचा पर्याय बहुधा असतो. आयफोनमध्ये ‘मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी’ हे बटण तेच काम करतं.

पहिली पायरी : वीज

सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात जास्त वेळ खाणारी पायरी हीच. पाय चालू होतो, दिवा लागतो, स्क्रीनवर सगळं दिसतं. मग विजेवर संशय कोण घेणार? पण फोनचा चार्जर आणि बारीक वायर यांचा हिशेब करून पाहा. चार्जर ५ व्होल्ट देतो. वायरीचा जाण्या-येण्याचा रोध ०.२ ओहम धरला आणि पायने दोन अँपिअर ओढले, तर ०.४ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बोर्डापर्यंत पोचतात ४.६. फोनला याचं काही वाटत नाही, त्याची बॅटरी जरा सावकाश भरते इतकंच. पायला मात्र बॅटरी नाही. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास घसरलं की तो इशारा देतो, स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो आणि प्रोसेसरची गती कमी करतो. नेमकं त्याच वेळी वाय-फायने काही पाठवायला सुरुवात केली, यूएसबीची डिस्क फिरू लागली, की जोडणी तुटते. तक्रार येते ती ‘मोठी फाइल उतरवताना नेट जातं’ अशी.

म्हणूनच पायच्या अधिकृत अडॅप्टरवर ५ नव्हे, ५.१ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो वरचा दशांश वायरीतल्या घटीसाठी ठेवलेला आहे. पाय ३ ला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ आणि पाय ५ ला ५ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. स्क्रीन नसेल तर टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारावं. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडून गती उतरली होती. हे दुसरं उत्तर दिसलं की पुढच्या पायऱ्या चढण्याआधी अडॅप्टर आणि वायर बदलावी.

दुसरी पायरी : रेडिओ आणि कायदा

वाय-फाय म्हणजे रेडिओ, आणि रेडिओवर प्रत्येक देशाचा कायदा चालतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ च्या अधिसूचनेने मोकळा झाला. कुठल्या देशात आहोत हे पायला आपोआप कळत नाही. म्हणून देश सांगेपर्यंत तो रेडिओ बंद ठेवतो आणि ‘आरएफकिल’ने वाय-फाय अडवल्याचा संदेश देतो. हा शब्द पाहून अनेकांना चिप जळाली असं वाटतं. प्रत्यक्षात ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या मेनूत जाऊन देश भारत निवडला की काम होतं.

याचीच एक चकवणारी बाजू आहे. परदेशी मार्गदर्शिका जशीच्या तशी उतरवून देश अमेरिका ठेवला, तर वाय-फाय सुरू होतं, शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात, फक्त आपलंच दिसत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेत सर्वसाधारणपणे १ ते ११. आपला राउटर १२ किंवा १३ वर जाऊन बसला असेल, तर स्वतःला अमेरिकेत समजणारा पाय तिकडे कान देत नाही.

तिसरी पायरी : आवाज आणि गोंगाट

नेटवर्क दिसतं, पण टिकत नाही, अशी अवस्था असेल तर सिग्नलचा आकडा पाहावा. तो डीबीएममध्ये आणि वजा चिन्हासह येतो. वजा ५० उत्तम, वजा ६७ पर्यंत निभावतं, वजा ८० ला भरवसा नाही. हे मोजमाप साध्या बेरजेचं नाही : दहाने घसरण म्हणजे शक्ती एक दशांश. वजा ५० वरून वजा ८० वर येणं म्हणजे हजारातला एक भाग उरणं.

आकडा खाली असेल तर आधी डबा उघडावा. पायचा अँटेना बोर्डावरच असतो. झीरो डब्ल्यूवर तर तो वेगळा भाग म्हणून दिसतही नाही : प्रोअँट या स्वीडिश कंपनीचं ते तंत्र आहे आणि बोर्डातच कोरलेली त्रिकोणी पोकळी अँटेनाचं काम करते. असा बोर्ड लोखंडी पेटीत किंवा चारही बाजूंनी बंद ॲल्युमिनियमच्या देखण्या केसमध्ये घातला की सिग्नल गुदमरतो. उष्णतेसाठी धातू हवाच असेल, तर अँटेनाची बाजू उघडी ठेवणारी केस घ्यावी. विटांच्या भिंतीपेक्षा सळयांचं काँक्रीट जास्त अडवतं, आणि पाण्याची भरलेली टाकी त्याहून वाईट.

आकडा चांगला असूनही जोडणी तुटत असेल, तर प्रश्न गोंगाटाचा आहे. मांडवात बँड वाजत असताना शेजारच्या पाटावरचा माणूस मोठ्याने बोलला तरी कळत नाही. दोष त्याच्या आवाजाचा नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या मांडवात ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हन आहे, इमारतीतले सगळे राउटर आहेत. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. आपला राउटर त्यातल्या कमी गर्दीच्या चॅनलवर हाताने बसवून ठेवणं बरं.

शिवाय गोंगाट करणारा कधी पायच्या अंगालाच चिकटलेला असतो. यूएसबी ३.० च्या वायरी आणि डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून प्रसिद्ध केलं होतं. पाय ४ ला निळ्या पोर्टवर एसएसडी लावली आणि वाय-फाय मंदावलं, तर डिस्क थोड्या लांब, चांगल्या वेष्टनाच्या वायरीवर न्यावी किंवा ५ गिगाहर्ट्झवर जावं. २०१९ मध्ये पाय ४ च्या बाबतीत याहून चमत्कारिक तक्रार गाजली : मॉनिटर २५६० बाय १४४० वर ठेवला की वाय-फाय जायचं, रेझोल्यूशन बदललं की परत यायचं.

चौथी पायरी : राउटरने आत घेणं

इथे पासवर्डचा नंबर लागतो. बहुतेकजण सुरुवात इथूनच करतात. व्हॉट्सॲपवरून उचललेल्या पासवर्डात शेवटी एखादी मोकळी जागा किंवा वळलेलं अवतरणचिन्ह येतं, ते डोळ्याला दिसत नाही. काही नवे राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेले असतात आणि जुन्या पायचं त्याच्याशी जमत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए-२ सुरू करून पाहिलं की खात्री होते.

आणखी एक सापळा जुन्या मार्गदर्शनाचा. पूर्वी मेमरी कार्डाच्या बूट विभागात ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ची फाइल ठेवली की पाय स्वतःच वाय-फायला जोडला जायचा. पायच्या प्रणालीच्या ऑक्टोबर २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून हे काम नेटवर्कमॅनेजरकडे गेलं आणि ती युक्ती बंद पडली. आता कार्ड तयार करतानाच रास्पबेरी पाय इमेजरमध्ये नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि देश भरावा. नंतर बदल करायचा तर ‘एनएमटीयूआय’ हा मेनू आहे.

पाचवी आणि सहावी पायरी : पत्ता आणि रस्ता

जोडणी झाली की राउटर पायला आयपी पत्ता देतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने काही दिलेलं नाही, पायने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. अधूनमधून जोडणी तुटत असेल, तर पायवर हाताने कायमचा बसवलेला पत्ता राउटरने दुसऱ्या कुणाच्या फोनला दिला आहे का, तेही तपासावं. कायमचा पत्ता राउटरच्या बाजूने राखून ठेवला की ही टक्कर होत नाही.

पत्ता ठीक असेल, तर तीन पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणाऱ्या तीन हाका, पुरतात. पहिलं राउटरला. ते गेलं नाही, तर बिघाड अजून घरातच आहे. दुसरं ८.८.८.८ या घराबाहेरच्या पत्त्याला. राउटरला जातं आणि इथे जात नाही, तर दोष बहुधा पायचा नसतो, सेवा देणाऱ्याला फोन करावा. तिसरं एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला जातं आणि नावाला जात नाही, तर नावाचा आकडा करून देणारी डीएनएस सेवा अडली आहे.

तिन्ही पिंग जातात, तरीही सुरक्षित संकेतस्थळं उघडत नसतील, तर घड्याळ पाहावं. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर वीज गेल्यावर वेळ जपणारं घड्याळच नाही. पाय ५ वर ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. पाय बरेच दिवस बंद राहून पुन्हा चालू झाला, तर तो मागच्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि नेटवरून वेळ दुरुस्त करतो. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कने वेळ विचारण्याचीच वाट बंद केली असेल, तर घड्याळ मागेच राहतं आणि प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत.

कधी पायला नेट असतं, पण लॅपटॉपवरून त्याच्यात शिरता येत नाही. पाय ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल तर असंच होणार, कारण तिथली यंत्रं राउटर एकमेकांपासून वेगळी ठेवतो. आणि टाइप केलेली अक्षरं अडखळत उमटत असतील, तर वाय-फायची वीजबचत बंद करून पाहावी. त्या सोयीत रेडिओ मधूनमधून डुलकी घेतो. फोनला ते परवडतं, सतत हाकेला ओ देणाऱ्या यंत्राला नाही.

कुणाची मदत घ्यायची तर तक्रार पायरीसकट सांगावी. ‘सिग्नल वजा ५५ आहे, पत्ता मिळतो, राउटरला पिंग जातं, ८.८.८.८ ला जात नाही’ एवढं ऐकल्यावर जाणकाराला चार प्रश्न कमी विचारावे लागतात.

आणि जो पाय जागचा हलणारच नाही, त्याला शक्य असेल तिथे लॅन केबलच लावावी. इथरनेटची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आणि देश, पट्टा, गोंगाट, पासवर्ड हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. झीरोवर लॅनचं तोंड नाही, त्याला यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. वीज, पत्ता आणि रस्ता या तीन पायऱ्या मात्र केबललाही चुकत नाहीत. त्यामुळे पायसाठी खरेदी करताना पैसे वाचवायचे असतील तर केसवर वाचवावेत, अडॅप्टरवर नव्हे.