आधी छप्पर, मग गिलावा

नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूने पाऊस वर चढतो तो आडवा. घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा हाच पाऊस नारायणगाव-मंचरला येईतो पार ओसरतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मातीचे घर बांधायचे किंवा राखायचे, तर आपण या पावसाच्या कोणत्या बाजूला आहोत हे आधी पाहावे लागते.

पश्चिमेकडचे जुने घर कारवीचे. वाळलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांना बांधून कूड उभा करायचा आणि दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपायचा. भिंत जेमतेम चार बोटे जाड, पण वाऱ्याने हलली तरी मोडत नाही. पूर्वेकडे भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची, चांगली हातभर रुंद. उन्हाळ्यात घर गार राहते ते या जाडीमुळे.

गिलाव्याची माती निवडणे हे खरे कसब. नुसती काळी माती वाळली की भेगाळते; तांबडी, थोडी मुरमाड माती धरून राहते. ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून वाकवावी. लगेच तुटली तर माती भुसभुशीत. हाताला लोण्यासारखी चिकटली तर रेती मिसळायला हवी. मग त्यात शेण, भाताचा तूस किंवा बारीक तोडलेला पेंढा घालून पाणी मारायचे, पायांनी तुडवायचे आणि काही दिवस मुरू द्यायचे. पहिला हात जाड. तो वाळून भेगा दिसल्या की दुसरा, पातळ. त्यावर तळव्याने अर्धगोल फिरवत सारवण. हा हात बाईचा असतो आणि तिच्या बोटांचे वळसे भिंतीवर वर्षभर दिसतात. एवढ्या जाणकारीला आपण कधी कारागिरी म्हटले नाही, याची खंत वाटते.

कायमची कटकट मिटावी म्हणून आता अनेक जण मातीवर सिमेंट मारतात. मातीच्या भिंतीचा याहून मोठा घात नाही. जमिनीची ओल भिंतीत चढते, तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि पडताना आतली माती सोबत घेऊन येतो. जाड भिंतीला बाहेरून टिकाऊ लेप हवाच असेल, तर मुरवलेला चुना द्यावा; तो ओल बाहेर जाऊ देतो. हलत्या कुडाला मात्र चुनाही नको, तिथे मातीच बरी.

पण कोणताही गिलावा वळचणीइतकाच टिकतो. पाखे भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे हवे, जोते दगडाचे आणि उंच हवे. नाहीतर पागोळ्यांचे शिंतोडे उडून भिंत पायाकडून खचते. गवताचे छप्पर उबदार, पण त्याला उतार खडा लागतो, आगीची भीती असते आणि दर एक-दोन वर्षांनी शाकारणी करावी लागते. मंगलोरी कौले महाग वाटली तरी घर थंड ठेवतात आणि फुटलेले एक कौल तेवढे बदलता येते. पत्रा स्वस्त, हलका. पण उन्हात भट्टी आणि वाऱ्यात बेभरवशाचा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात या दोन्ही तालुक्यांत घराघरांवरचे पत्रे उडाले. पत्राच घालायचा असेल, तर तो वाशांना पक्का जखडा आणि खाली कारवीचा किंवा बांबूचा थर द्या.

घरात मातीची भिंत उरली असेल, तर दसऱ्याच्या सारवणाआधी एकदा बाहेरून फेरी मारा. जिथे सिमेंट पोकळ वाजेल, तिथले काढून टाका आणि त्या जागी मातीच भरा.