हप्ता निश्चित, पगार अनिश्चित

दहावी-बारावीचे निकाल लागले की कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली या स्थानकांच्या परिसरात नव्या फलकांची गर्दी होते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह साहाय्यक, परिचर्या साहाय्यक अशी अभ्यासक्रमांची नावे अनेक असतात; आश्वासन मात्र एकच असते. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात प्रमाणपत्र आणि लगोलग नोकरी! शुल्क एकरकमी भरता येत नसेल तर कर्जाची सोयही तेथेच होते.

महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे टिटवाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु चतुर्थीची गर्दी ओसरल्यावर जे गाव उरते ते मुख्यतः चाकरमान्यांचे. ठाणे-डोंबिवलीत घर परवडेना म्हणून अनेक कुटुंबे लोहमार्गाच्या कडेकडेने येथवर सरकत आली. अशा घरातील मुलाला वा मुलीला वैद्यकीय शाखेइतके गुण नसतात आणि अभियांत्रिकीइतका पैसा नसतो. साध्या पदवीने नोकरी मिळत नाही, हे थोरल्या भावंडाच्या अनुभवाने कळलेले असते. मग रुग्णालयातील नोकरीकडे मन ओढले गेले तर त्यात मूर्खपणा नाही. २०१२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी तयार झालेल्या अहवालात देशात अशा परावैद्यक मनुष्यबळाची उणीव साठ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज होता. रोगी वाढत आहेत, तपासण्या वाढत आहेत, तेव्हा माणसे लागणारच.

परंतु समाजाला एखाद्या कामाची गरज असणे आणि त्या कामाला पुरेसे वेतन देणारी जागा असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद कोविडच्या काळात ढळढळीत दिसला. १८ जून २०२१ रोजी केंद्राने सहा प्रकारच्या कामांसाठी एक लाख तरुणांना अल्पमुदतीचे विनामूल्य प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी ती निकड खरीच होती. साथ ओसरली, उपचार केंद्रे बंद झाली आणि तेथील कंत्राटी माणसांची गरजही संपली. शिक्षकवर्गाला तर याहून जुना दाखला परिचयाचा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड.ची विद्यालये गावोगाव निघाली. शिक्षकांची उणीव खोटी नव्हती. पण २०१२ नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती थांबली आणि हजारो घरांत पदविका भिंतीवर व पदविकाधारक घरी, अशी स्थिती झाली.

सही कोणाची?

म्हणून प्रमाणपत्राचे मोल ठरविताना पहिला प्रश्न पगाराचा नसून सहीचा आहे. एके काळी कल्याण-डोंबिवलीतील असंख्य मुलामुलींनी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या आणि त्या बळावर कारकुनी मिळविली. शिकविणारी संस्था एखाद्या चाळीतील दोन खोल्यांची असे. परंतु परीक्षा शासनाची असे आणि कार्यालयांना ते प्रमाणपत्र मान्य असे. संस्थेचा फलक केवढा होता याला महत्त्व नव्हते.

परावैद्यक शिक्षणाबाबत हीच कसोटी आता कायद्याने स्पष्ट केली आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यातील व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यास किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका वा पदवी लागते. सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा अभ्यासक्रम या व्याख्येत बसत नाही. याचा अर्थ तो शिकणे गुन्हा आहे असा नव्हे. साहाय्यक म्हणून काम मिळू शकते. परंतु 'तंत्रज्ञ' म्हणून नोंदणी मिळेल, या आशेवर कोणी कर्ज काढीत असेल तर तो पाया कच्चा आहे. कायद्याची अंमलबजावणी रेंगाळली, इतकी की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. या दिरंगाईचा लाभ भिंतीवरच्या फलकांनाच होतो.

दुसरी एक आशा अशीच तपासून घ्यावयास हवी. 'शिका आणि स्वतःची प्रयोगशाळा काढा' असे प्रयोगशाळा तंत्रज्ञांना सर्रास सांगितले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासणीच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच प्रतिस्वाक्षरी चालेल. म्हणजे तंत्रज्ञाने यंत्रे आणली, जागा घेतली तरी अहवालापुरता तो परावलंबीच राहणार. स्वतंत्र व्यवसायाच्या उत्पन्नावर हप्त्याचे गणित मांडणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

हप्त्याचे गणित

आता आकड्यांकडे वळू. उदाहरणादाखल, एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी दीड लाख रुपये दरसाल १२ टक्के व्याजाने काढले असे समजू. शिक्षणाच्या वर्षी हप्ता नाही, पण व्याज चढते. सरळ व्याजाने ते १८,००० होते. फेड सुरू होताना कर्ज १,६८,००० झालेले असते. तीन वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ५,५८० रुपये पडतो आणि पाच वर्षांत फेडावयाचे तर सुमारे ३,७३७. दुसऱ्या पर्यायात एकूण फेड सव्वादोन लाखांच्या घरात जाते. पहिला पगार बारा हजार धरला, तर तीन वर्षांचा हप्ता त्यातला जवळजवळ निम्मा भाग खातो आणि पाच वर्षांचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पगार मिळण्यास चार महिने उशीर झाला, तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही.

किती कर्ज झेपेल, याचे एक माप अमेरिकेत वापरले गेले आहे. तेथील शिक्षण खात्याने २०१४ मध्ये नियम केला की, व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केलेल्यांचा वार्षिक हप्ता त्यांच्या वार्षिक कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत, अथवा निर्वाहखर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या वीस टक्क्यांच्या आत असावा. हा नियम २०१९ मध्ये रद्द झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. त्यावरून तेथील संस्थाचालकांचा विरोध किती असेल हे कळते. आठ टक्क्यांचे माप आपल्या उदाहरणास लावले तर बारा हजारांच्या पगाराला ९६० रुपयांचाच हप्ता पेलतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीत फेड सुरू होताना सुमारे ४३ हजारांचे कर्ज. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला भाडे नसते म्हणून मर्यादा दुप्पट केली, तरी ८६ हजारांपलीकडे जाता येत नाही. दीड लाखाचे कर्ज या मापात कोठेच बसत नाही.

त्यातही व्याज कसे आकारले जाते हे पाहावे. 'सपाट १२ टक्के' हे शब्द कानाला सौम्य वाटतात. फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहत असल्याने तीन वर्षांच्या कर्जावर हा दर प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना व वित्तसंस्थांना किरकोळ कर्जासोबत सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहून देणे बंधनकारक केले आहे. तो कागद पाहिल्याविना सही करू नये. कर्ज संस्थेच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या नावावर असते. वर्ग मध्येच बंद पडला तरी ते आपोआप माफ होत नाही. जुलै २०२४ मध्ये केंद्राच्या कौशल्य कर्ज योजनेची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर गेली. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र मोठे कर्ज मिळणे सोपे झाले म्हणून ते फेडणे सोपे होत नाही.

पगाराच्या बाजूलाही टिटवाळ्याची म्हणून एक वजाबाकी आहे. जवळची सार्वजनिक रुग्णालये म्हणजे कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, उल्हासनगरचे मध्यवर्ती आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तेथे जागा नसेल तर मुंबई गाठावी लागते आणि एका बाजूचा लोकलप्रवास सुमारे दीड तासाचा होतो. पाळी रात्री उशिरा संपली तर शेवटची गाडी गाठण्याची घाई, ती चुकली तर रात्र रुग्णालयातच. पास, बाहेरचे खाणे, स्थानकापासूनची रिक्षा हे सारे वजा करून जे हातात उरते, तोच खरा पगार. हप्त्याची तुलना त्याच्याशी करावयाची, जाहिरातीतल्या आकड्याशी नव्हे.

मार्ग आहेत

गरिबाच्या मुलाने मग शिकूच नये काय, असा प्रश्न कोणी विचारील. तसे मुळीच नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. त्यात वेळ अधिक जातो आणि तेवढ्या वर्षांचा पगार बुडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु मान्यताप्राप्त पात्रता पुढील तीस-पस्तीस वर्षे उपयोगी पडते. ज्या घराला इतकी वाट पाहणे शक्य नाही, त्याने अल्पमुदतीचे प्रमाणपत्र घेण्यासही हरकत नाही. फक्त ते शासकीय योजनेतून विनामूल्य अथवा साठविलेल्या पैशातून घ्यावे. कर्ज काढावयाचे असेल तर ते ज्या पात्रतेची नोंदणी होऊ शकते अशाच पात्रतेसाठी, आणि पगाराला झेपेल एवढेच.

ही सावधगिरी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. गेल्या तीन तुकड्यांतील किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांची नोंदणी झाली, किती नोकरीस लागले आणि त्यांचा पहिला पगार काय, हे चार आकडे प्रत्येक संस्थेने प्रवेशापूर्वी लेखी दिलेच पाहिजेत, असा नियम राज्याने करावा. त्याला निधी लागत नाही, इच्छा लागते. तो नियम होईपर्यंत हे चार प्रश्न विचारण्याचे काम शाळेतील शिक्षकांना आणि घरातील चार बुके शिकलेल्या कारकून काकांना करावे लागेल. ज्या संस्थेकडे या प्रश्नांचे लेखी उत्तर नाही, तिच्या दारात आईचे दागिने मोडून जाण्याचे कारण नाही.