बाष्पवेगाचे धारण आणि बधिर झालेले मन

आपल्या रायगड जिल्ह्याने अलीकडे दोन मोठे आघात सोसले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली. चौथ्या दिवशी शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ जण बेपत्ता होते. अशा प्रसंगी टाहो फोडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु जो रडतच नाही व काही महिन्यांनी अन्नावरची वासना उडाली, मान धरली, छाती जड वाटते अशा तक्रारी घेऊन येतो, त्याला ओळखणे हे वैद्याचे काम होय. खांब परिसरात आम्हांला असे रुग्ण दरडीविनाही भेटतात. कोणाच्या घरचा माणूस महामार्गावरील अपघातात गेलेला असतो, तर कोणाचा दीर्घ आजाराने.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, १३ अधारणीय वेगांमध्ये बाष्प म्हणजे अश्रूंचा समावेश आहे. त्याच्या धारणाने प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात. वाग्भटांनी मन्यास्तंभ व गुल्म यांचाही उल्लेख केला आहे. त्याच अध्यायात शोक, भय, क्रोध हे वेग मात्र धारण करावेत असे सांगितले आहे. ही विसंगती नव्हे. शोकाला मनाचा ताबा घेऊ देऊ नये, पण डोळ्यांतले पाणी अडवू नये, असा याचा अर्थ आम्ही घेतो. समाज मात्र ‘धीर धर’ म्हणताना दोन्ही एकत्रच कोंडतो.

माणसे भावना का कोंडतात? कर्त्या पुरुषाने रडू नये ही समजूत, मुलांसमोर खचायचे नाही ही आईची धडपड, लावणी थांबत नाही ही शेतकऱ्याची अडचण, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती. याहून वेगळी अवस्था म्हणजे बधिरता. तेथे रुग्ण काही लपवीत नसतो. असह्य आघातापुढे मनच संवेदना मंद करते. प्रारंभी हे संरक्षण असते, पण ते लांबले की दुःखासोबत आनंदही हरपतो. २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही दीर्घकालीन शोकविकाराच्या लक्षणांत भावनिक बधिरता गणली आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला जातो.

चिकित्सेत ग्रंथोक्त निद्रा व प्रिय कथा यांचा आश्रय घ्यावा. मद्याचा उल्लेख तेथे असला तरी शोकग्रस्ताला तो सल्ला आज देऊ नये; व्यसनाचा धोका उघड आहे. रुग्णाला रडण्याचा वा प्रसंग पुन्हा सांगण्याचा आग्रहही नको. एकांत द्यावा, झोप व भूक विचारावी, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे आणि मग थांबावे. अग्निदीपन अवश्य करावे, पण अरुचीचे मूळ मनात आहे हे विसरू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती अशी की, तेच गिऱ्हाईक पाचक चूर्ण वा झोपेचे औषध वारंवार मागू लागले, तर पुडी बांधण्यापूर्वी घरची विचारपूस करावी व त्याला वैद्याकडे पाठवावे. कामधंदा सुटला, बधिरता लांबली किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल निघाले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठविणे हेच कर्तव्य होय. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक दवाखान्यात व दुकानात दर्शनी भागी लावावा. न रडणारा रुग्ण स्वतःहून मदत मागत नाही, म्हणून ती आपणच पुढे करावयाची आहे.