एका आईचे पुण्य, दुसरीची विटंबना

नवी मुंबईहून उरणला जाताना आज कंटेनरांच्या रांगा दिसतात. याच उरणजवळच्या चाणजे गावी उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिलालेख सापडले. शके १०६० (इ.स. ११३८) च्या लेखात राजा अपरादित्याने आपली आई लीलादेवी हिला पुण्य लाभावे म्हणून एक शेत दान दिले आहे. शके ११८२ च्या लेखात सोमेश्वराने एका बागेचे १६२ द्रम्म उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वराला लावून दिले. पुढे सोमेश्वराचे राज्य यादवांनी घेतले.

राज्य बदलले तरी दान टिकावे कसे? यासाठी दानाच्या शिळेवर गद्धेगाळ कोरण्याची रीत होती. वर सूर्य, चंद्र आणि मंगलकलश, मधे मजकूर, खाली स्त्री आणि गाढव. चंद्रसूर्य असेतो दान चालावे. जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही हे चित्र कळे.

शाप आईलाच का? माझ्या मते उत्तर विवाहसंस्थेत आहे. जमिनीचा वारसा कुळावरून ठरे आणि कुळाची शुद्धता स्त्रीच्या शीलावर तोलली जाई. तिथे डाग लावला की पुरुषाचा जन्म आणि हक्क दोन्ही संशयात येत.

अनेक गावांत या शिळांना आज शेंदूर लावून पुजतात. लीलादेवीचे नाव लेखात उरले. गद्धेगाळीवरची स्त्री मात्र निनावीच. गुन्हा मुलाचा, शिक्षा तिला.