हौस ठोकळ्यांची, हिशेब घराचा

खेळण्याच्या खोक्यावर एका कोपऱ्यात वय छापलेले असते. कुठे चार वर्षांपुढे, कुठे सात वर्षांपुढे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने 2020 पासून आपल्या काही खोक्यांवर वेगळाच आकडा छापायला सुरुवात केली: 18+. याचा अर्थ सरळ आहे. हे प्लास्टिकचे ठोकळे मोठ्या माणसांसाठी आहेत. 2021 मध्ये अशाच एका खोक्यातून ताजमहाल आला. एकूण 2,022 तुकडे, चार मिनार, वर घुमट आणि आतल्या तळघरात मुमताज महल आणि शाहजहान यांच्या कबरींची प्रतिकृतीसुद्धा.

आता ही हौस आपल्याही शहरांत आली आहे. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, गृहिणी असे अनेक जण रात्री जेवणानंतर टेबलावर ठोकळे मांडून बसतात. अशा घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. अम्मी विचारतात, "बालबच्चेवाल्या माणसाने खेळत बसायचे का?" आणि बायको विचारते, "एवढे पैसे प्लास्टिकवर?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हसण्यावारी न नेता त्यांची उत्तरे शोधायला हवीत.

सुताराचा कारखाना

ओले कर्क ख्रिस्तियान्सेन हे डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार. जगभर मंदी असताना, 1932 मध्ये, त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. 1934 मध्ये नाव ठरले लेगो. डॅनिश भाषेत 'चांगले खेळ' या अर्थाच्या दोन शब्दांची ही जुळवाजुळव आहे. कंपनीच्या इतिहासात एक किस्सा सांगितला जातो. मुलगा गॉटफ्रेड याने लाकडी बदकांना वार्निशचे तीन हात देण्याऐवजी दोनच दिले आणि पैसे वाचवल्याचे वडिलांना कौतुकाने सांगितले. वडिलांनी त्याला पाठवलेला माल परत आणायला लावला आणि तिसरा हात देऊनच बदके पुन्हा रवाना केली. तिजारतीतल्या ईमानदारीचा हा धडा कोणत्याही दुकानदाराने गिरवावा असाच आहे.

पुढे याच गॉटफ्रेडच्या काळात, 28 जानेवारी 1958 रोजी, आजच्या ठोकळ्याचे पेटंट दाखल झाले. वर गोल बटणे आणि आत पोकळ नळ्या. बटणे नळ्यांमध्ये घट्ट बसतात, तरी लहान मूलही ती सोडवू शकते. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. दादाने घेतलेला ठोकळा नातवाच्या घरात चालावा, अशी खेळणी किती असतील?

मोठी माणसे यात काय करतात?

या शौकिनांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिले जोडणारे. ते संच आणतात, सूचनापुस्तिका पाहून जोडतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. दुसरे जमवणारे. त्यांना मालिका पूर्ण करायची असते. तिसरे रचणारे. ते सुटे तुकडे घेऊन स्वतःच्या मनातली वस्तू उभी करतात. बालपणी ठोकळे सुटले आणि मोठेपणी पुन्हा हाती आले, यामधल्या वर्षांना हे लोक गमतीने 'अंधारयुग' म्हणतात.

खरा आनंद आणि खरी किफायत तिसऱ्या प्रकारात आहे. दोन गुणिले चार बटणांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांत किती प्रकारे जोडता येतील? गणितज्ञांनी संगणकावर मोजलेले उत्तर आहे 91,51,03,765. एक्क्याण्णव कोटींहून जास्त! सूचनापुस्तिका यांतला एकच रस्ता दाखवते.

हाताने शिकायची भूमिती

शिक्षक म्हणून मला या ठोकळ्यांतले गणित सर्वांत जास्त भावते. दोन शेजारच्या बटणांमधले अंतर 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची 3.2. म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. पाच ठोकळे एकावर एक ठेवले की उंची 48 मिलिमीटर, आणि सहा बटणांची रुंदीही 48. हे एक गणित कळले की ठोकळे आडवे लावूनही भिंत बिनचूक बसते.

सातवीत मुले पायथागोरसचा सिद्धांत पाठ करतात. इथे तो हाताला लागतो. काटकोनाच्या एका बाजूला तीन अंतरे, दुसऱ्या बाजूला चार, तर तिरकी पट्टी बरोबर पाच अंतरांची लागते. टोकांना फिरणारे जोड लावले की ती चपखल बसते. मात्र मोजायची ती बटणांमधली अंतरे. पाच अंतरांच्या पट्टीवर बटणे सहा असतात, आणि मुले नेमकी इथेच चुकतात.

मशिदींच्या जाळ्यांवर आणि फरशांवर दिसणारा आठ टोकांचा तारा म्हणजे एकावर एक फिरवून ठेवलेले दोन चौरस. तो ठोकळ्यांत करून पाहा. चौरसाची बाजू पूर्ण संख्येत घेतली तर कर्ण कधीच पूर्ण संख्येत येत नाही. पण बाजू 5 घेतली तर कर्ण 7 च्या इतका जवळ येतो की फरक डोळ्यांना कळत नाही. आपल्या कारागिरांनी दगडात आणि चुन्यात जे साधले, त्यामागे किती हिशेब होता, हे असा एक तारा जुळवताना उमगते. घुमट त्याहून अवघड. त्यासाठी बाजूला बटणे असलेले खास तुकडे आतल्या गाभ्यात बसवतात आणि चारही बाजूंनी पट्ट्या लहान लहान करत गोलाई आणतात. हे एका बैठकीत जमत नाही. तुटते, पुन्हा जुळवावे लागते. सब्र शिकवणारा खेळ आहे.

म्हणूनच अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: निरोगी विरंगुळ्याला आपल्या दीनने मनाई केलेली नाही. माननीय आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांतल्या कापडी पंखांच्या घोड्याची हदीस आपल्या घरांत सांगितली जाते. तो घोडा पाहून प्रेषित (स.) रागावले नाहीत, हसले. अर्थात ती गोष्ट त्यांच्या लहान वयातली आहे. मोठ्यांच्या खेळाला वेळेची मर्यादा हवीच. ज्या खेळापायी नमाज टळते, मुलांचा अभ्यास पाहायचा राहतो किंवा आजारी वडिलांपाशी बसायला वेळ उरत नाही, तो खेळ कितीही बुद्धीचा असला तरी तोट्याचा आहे.

खरेदी डोळसपणे

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. खेळण्यांवरचे आयातशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. परदेशातली किंमत पाहून इथल्या किंमतीचा अंदाज बांधू नये, तो चुकतो. काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने 2010 मध्ये दिला. त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे करणाऱ्या दुसऱ्या कंपन्या कायदेशीर आहेत आणि स्वस्तही असतात. पण दुसऱ्याचे खोके, नाव आणि रचना हुबेहूब उचलून विकणे ही नक्कल झाली. ती स्वस्त मिळाली म्हणून घेणे आपल्याला शोभत नाही. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचे मानकचिन्ह सक्तीचे आहे. घरात मुलेही हाताळणार असतील तर ते पाहूनच घ्यावे.

पहिली खरेदी मोठ्या प्रसिद्ध संचाची नको. साध्या ठोकळ्यांचा मिश्र डबा घ्यावा. नात्यागोत्यात ज्यांची मुले मोठी झाली, त्यांच्याकडचे जुने ठोकळे पडून असतात, ते विचारावेत. ते 40 अंशांपेक्षा कमी कोमट पाण्यात, थोडा साबण घालून हाताने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. उन्हात पांढरे ठोकळे पिवळे पडतात. सुटे तुकडे विकणारे 'ब्रिकलिंक' हे जागतिक बाजारपेठेचे संकेतस्थळ 2000 मध्ये सुरू झाले आणि 2019 मध्ये लेगोने ते विकत घेतले. तिथून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क जोडूनच किंमत ठरवावी.

2010 पासून लहान पुतळे न दिसणाऱ्या बंद वेष्टनातही विकले जातात. आत कोणता निघेल ते ठाऊक नसते, म्हणून हवा तो मिळेपर्यंत माणूस घेतच राहतो. फिक्हमध्ये ज्याला 'गरर' म्हणतात, त्या अनिश्चिततेचा विचार इथे मनात यायला हवा. शिवाय ज्या घरांत चेहऱ्यांच्या आकृत्या मांडणे टाळतात, त्यांना इमारतींचे संच सोयीचे. त्यांतल्या अनेक संचांत पुतळे नसतात, तरी खोके पाहूनच घ्यावे.

बंद खोकी, नफा आणि जकात

"ही तर गुंतवणूक आहे," असे काही जण सांगतात. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी 1987 ते 2015 या काळातल्या दोन हजारांहून अधिक संचांच्या किंमती तपासल्या. सरासरी परतावा वर्षाला सुमारे 11 टक्के निघाला. पण सरासरी फसवी असते. त्याच अभ्यासात निम्म्याने किंमत घसरलेले संचही होते. ताजमहालचेच पाहा. 2008 चा 5,922 तुकड्यांचा मोठा संच बंद झाल्यावर त्याची किंमत खूप वाढली. 2017 मध्ये कंपनीने तोच संच जवळजवळ तसाच पुन्हा काढला आणि जुना साठवून बसलेल्यांचा भाव उतरला.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. स्वतः जोडण्यासाठी घेतलेल्या संचावर जकात नाही. पण पुढे विकण्याच्या नियतने घेऊन कपाटात ठेवलेली खोकी हा माल-ए-तिजारत झाला. त्याची चालू बाजारभावाने किंमत धरून जकातीच्या हिशेबात मिळवावी लागते. आपल्या आलिमांना विचारून हा हिशेब दरवर्षी करावा. तो करायला बसले की कपाटात नेमके किती अडकले आहे, तेही समोर येते.

घरातला नियम

घरखर्च, फी, जकात-सदका आणि बचत यांतून जे उरेल, त्यातला ठरलेला हिस्सा हौसेला. नवा संच घेण्याआधी जुना सोडवून डब्यात टाकायचा. तुकडे रंगावरून न लावता आकारावरून लावावेत. एका आकाराच्या डब्यात लाल तुकडा लगेच दिसतो, पण लाल ढिगात हवा तो आकार सापडत नाही. तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर डबा वरच्या फळीवर, झाकण लावून. हे तुकडे घशात अडकतात.

आणि महिन्यातून एक संध्याकाळ सर्वांची. प्रत्येकाला तेच सहा ठोकळे द्यावेत आणि बदक करायला सांगावे. दादी, अब्बू, भाभी, पाच वर्षांची मुलगी, प्रत्येकाचे बदक वेगळे होते. हिची चोच लांब, त्याची शेपटी वर. सर्व पाहून झाली की मोडायची आणि ठोकळे पुन्हा डब्यात. शोकेसमधला संच एकदाच जोडला जातो. या डब्याचे मोल मात्र प्रत्येक मोडण्याबरोबर वसूल होत राहते.