अंगठ्याचं काम

आमच्याकडे खाडीवर गळानं मासे धरण्याला गरवणं म्हणतात. गरी म्हणजे गळ, त्यावरून गरवणं. माझे अब्बा गरवायला जात तेव्हा त्यांच्याजवळ काठीसुद्धा नसे. लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला तंगुसाचा दोरा, टोकाला शिसं आणि गरी, एवढाच सरंजाम. शिसं गरगर फिरवून सोडायचं, दोरा बोटांतून सरसरत जायचा आणि शिसं पाण्याला टेकायच्या क्षणी अब्बांचा अंगठा दोऱ्यावर पडायचा. त्या अंगठ्यावर तंगुसानं कापलेल्या रेघा कायमच्या उमटल्या होत्या.

माझे मोठे भाई बोटीवर होते. 1978 साली ते ह्यूस्टन बंदरातून एक लाल चकचकीत रीळ घेऊन आले. ते स्वीडनमध्ये बनलेलं होतं. कंपनीचं नाव अबू, म्हणजे आमच्यातलंच वाटावं असं, आणि रिळाचं नाव ‘अँबॅसिडर’. गावात अँबॅसिडर म्हणजे मोटार. त्यामुळे पोरं विचारायची, ‘भाईंची अँबॅसिडर कुठाय?’ आणि भाई खिशातून काढून दाखवायचे.

हे रीळ ज्या जातीचं, तिला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. आपल्याकडे दुकानात सहसा दिसतं ते स्पिनिंग रीळ. ते काठीच्या खाली लोंबतं, त्याची फिरकी स्थिर राहते आणि दोरा तिच्यावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसतं आणि फेकताना त्याची फिरकी स्वतःच गरगर फिरते, पतंगाच्या फिरकीसारखी. दोरा सरळ सुटतो, जाड दोरा नि जड आमिष सहज पेलतं आणि नेम अचूक साधतो.

या रिळांचं एक घराणं अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या जॉर्ज स्नायडर आणि मीक बंधूंनी अशी रिळं हातानं घडवली. ही माणसं घड्याळजी. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेक वेळा फिरावी, ही दातेरी चाकांची करामत घड्याळजीलाच सुचणार. स्वीडनची अबू कंपनीही 1921 मध्ये घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर यांपासूनच सुरू झालेली.

ही करामत मुख्यतः ज्या माशासाठी, तो बास. पूर्ण नाव लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा. हा गोड्या पाण्यातला मासा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी, शेवाळाच्या सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी धरलेला सुमारे 10 किलोंचा बास हा जागतिक विक्रम. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. असा मासा गळाला लागला की पहिली धाव बुंध्याकडे घेतो. तिथं दोरा अडकायच्या आत त्याला ओढून काढायचं, तर दणकट रीळ हवंच.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. 2021 च्या मे महिन्यात भाई कोरोनानं गेले. त्यांचा मुलगा डॅलसला. भारतातून अमेरिकेत परतण्यावर तेव्हा निर्बंध होते. तो आला असता तर बायको-मुलं तिकडे आणि हा इकडे अडकला असता. फोनवर त्यानं हे सांगितलं आणि मी म्हणालो, ‘ज्याला यायचं असतं, त्याला वाट सापडते.’ जन्मभर शब्द तोलत आलेल्या माणसानं नेमक्या त्या दिवशी तराजू फेकून दिला. पुढची तीन वर्षं ईद मुबारकच्या पलीकडे आमच्यात बोलणं उरलं नाही.

2024 मध्ये त्याचा फोन आला. ‘चाचा, चार दिवस इकडे या. आणि येताना पप्पांचं रीळ आणाल का?’ मी ट्रंक उघडली. भाई गेल्यावर ते रीळ एकदा खाडीवर नेऊन मी तसंच ठेवून दिलं होतं. पितळेवर हिरवट थर चढला होता. मूठ फिरेना. भाईंनी चाळीस वर्षं जपलेली वस्तू मी तीन वर्षांत मिठाला दिली होती. तशीच पिशवीत घालून नेली.

पुतण्यानं रीळ हातात घेतलं, मूठ फिरवून पाहिली आणि काही न बोलता फडताळात ठेवलं. म्हणाला, ‘आधी दुसऱ्यावर शिका. मग हे उघडू.’

त्याच्या गॅरेजमध्ये सात-आठ काठ्या उभ्या होत्या. एवढ्या कशाला, असं विचारलं तर म्हणाला, ‘तुमच्याकडे एकच सुरी असते का?’ काठीचे दोन गुण बघायचे. एक बळ, म्हणजे ती किती ताण पेलते. दुसरा वाक, म्हणजे ती कुठून वाकते. फक्त शेंड्याकडून वाकते ती ‘फास्ट’. मासा जाणवताच झटका द्यायचा असेल, शेवाळातून ओढायचं असेल, तर ही. मधूनच वाकते ती ‘मॉडरेट’. एकसारखं ओढत आणायच्या आमिषाला ही बरी, कारण माशाच्या तोंडातून गळ ओरबाडून निघत नाही. नवशिक्यानं एकच घ्यायची तर साडेसहा-सात फुटांची, मध्यमाहून थोडी दणकट, फास्ट काठी घ्यावी. दोरा किती पौंडांचा आणि आमिष किती वजनाचं, हे काठीवरच छापलेलं असतं. ते वाचावं आणि पाळावं.

रिळाच्या अंगावरही आकडे असतात. 7:1 म्हणजे मूठ एकदा फिरवली की फिरकी सात वेळा फिरते. 5:1 चं रीळ हळू, पण ओढायला जोरकस. खोल पाण्यात जोर लावणारी आमिषं त्यानं ओढावीत. एकच रीळ घ्यायचं तर मधलं, साडेसहाच्या आसपासचं. दोरा सुरुवातीला साधा तंगूस, 12 ते 15 पौंडांचा. विणलेला दोरा बारीक नि मजबूत असतो, पण नवशिक्याच्या हातात त्याचा गुंता सुटता सुटत नाही. फिरकीही काठोकाठ भरू नये, दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी ठेवावी.

गुंता हीच या रिळाची ख्याती. फेकलेलं आमिष हवेत मंदावतं, फिरकी मात्र पहिल्याच वेगानं फिरत राहते. सुटलेल्या दोऱ्याला पुढे जायला वाव नसतो, मग तो फिरकीवरच फुगतो आणि सुगरणीलाही लाजवील असं घरटं तयार होतं. ते टाळायला तीन उपाय. पहिला, मुठीच्या बाजूचं बटण. आमिष लोंबत ठेवून फिरकी मोकळी केली की आमिष हळूहळू उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबली पाहिजे, इतपत ते आवळायचं. दुसरा, पलीकडच्या बाजूचा ब्रेक. काही रिळांत वेगाबरोबर बाहेर सरकून घासणारे छोटे ठोकळे असतात, काहींत लोहचुंबक. चुंबक ॲल्युमिनिअमला चिकटत नाही, पण त्याच्याजवळ ॲल्युमिनिअमची फिरकी फिरली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि तेच तिला आवरतात. शिकताना ब्रेक भरपूर ठेवावा, हात बसेल तसा कमी करावा.

तिसरा उपाय आपला अंगठा. फेकताना तो फिरकीवर अलगद ठेवायचा आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी दाबायचा. हे पुस्तकातून येत नाही. पुतण्यानं मला घरामागच्या हिरवळीवर उभं केलं, दोऱ्याला गळ नसलेलं अर्ध्या औंसाचं, म्हणजे सुमारे 14 ग्रॅमचं वजन बांधलं आणि वीस पावलांवर बादली ठेवली. पाच दिवस मी गुंतेच सोडवत होतो. सहाव्या दिवशी वजन बादलीत पडलं. शेजारच्या बाई टाळ्या वाजवत होत्या.

त्या रात्री भाईंचं रीळ फडताळातून बाहेर आलं. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. बाजूचे तीन स्क्रू हातानंच सुटतात. निघेल तो भाग फडक्यावर डावीकडून उजवीकडे क्रमानं ठेवायचा आणि फोनवर फोटो काढायचा, म्हणजे बसवताना घोळ होत नाही. बारीक स्प्रिंग उडून जाते, म्हणून तिच्यावर बोट ठेवायचं. जुनं काळं ग्रीस पुसायचं, दात जुन्या टूथब्रशनं घासायचे. दातेरी चाकांना ग्रीस. फिरकी जिथं टेकते तिथं आणि दोरा सारखा पसरवणाऱ्या आडव्या स्क्रूला पातळ तेलाचा एकेक थेंब. ब्रेकच्या कड्याला मात्र तेलाचा स्पर्शही नको, तेलानं ब्रेक धरत नाही. पहाटे दोन वाजता मूठ फिरली. पुतण्यानं ती कानाशी नेऊन ऐकली. भाईही अशीच ऐकायचे.

दुसऱ्या दिवशी माझा परवाना काढला आणि डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्कवर गेलो. 1980 साली इथं पाणी अडवलं तेव्हा पुष्कळ झाडं उभीच ठेवली, त्यांचे वठलेले बुंधे आजही पाण्यातून डोकावतात. टेक्सासचा विक्रमी बास 1992 मध्ये इथंच मिळाला, आठ किलोंहून जड. पुतण्यानं रबरी गांडूळ बांधलं. गळाचं टोक रबरातच लपवलेलं, म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही. भाईंचं रीळ माझ्या हातात दिलं. मी जोशात फेकलं, अंगठा उचलला गेला आणि भलंमोठं घरटं झालं.

अशा वेळी दोरा हिसकायचा नाही. फिरकीवर अंगठा घट्ट दाबून मूठ एक-दोन फेरे फिरवायची, मग हलकेच ओढून पाहायचं. बरेच गुंते एवढ्यानं सुटतात. हा सुटला नाही. होडीत गुडघ्याला गुडघा लावून आम्ही दोघं एकेक वेटोळं सोडवत बसलो. डोळे दोऱ्यावर होते, म्हणूनच बोलता आलं. मी म्हणालो, ‘त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. तुला वाट नव्हती, हे मला माहीत होतं.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘चाचा, हे टोक धरा.’ मी धरलं.

दुपारी किलोभराचा बास लागला. फोटो काढून त्यानं तो पाण्यात सोडला. तिकडे बहुतेक जण सोडतात. अब्बांना हे पटलं नसतं.

भाईंचं रीळ आता डॅलसला आहे. त्याच्या बदल्यात मिळालेलं नवं रीळ घेऊन मी खाडीवर तिवरांच्या कडेला जिताड्यासाठी बसतो. तोही बाससारखाच आडोशाला दबा धरणारा. घरी आलो की मुठीजवळची ड्रॅगची चांदणी आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो. जोराचा फवारा नाही, बादलीत बुडवणंही नाही, नाहीतर मीठ आत ढकललं जातं. मग पुसून, चांदणी सैल करून सावलीत वाळवतो. सैल एवढ्यासाठी की आतल्या चकत्या दबून राहू नयेत.

दर रविवारी पुतण्याचा फोन येतो. सलाम-दुआ झाली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘चाचा, तेल दिलंत का?’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)